अर्धी कोरी मतपत्रिका : डेव्हिड कॅमेरॉन यांना खुले पत्र

चिपिंग नॉर्टनचे लॉर्ड डेव्हिड कॅमेरॉन यांस,

नमस्कार. पत्राच्या आरंभी 'सप्रेम' लिहायची आमच्याकडे रीत आहे. ते आज जमणार नाही.

११ जुलै २०१६ रोजी तुम्ही डाउनिंग स्ट्रीटवर येऊन थेरेसा मे यांच्या हाती कारभार देत असल्याचं जाहीर केलंत, पाठ फिरवलीत आणि गुणगुणत दाराआड गेलात. माइक चालू होता, त्यामुळे ती गुणगुण जगाने ऐकली. त्रेचाळीस वर्षांचं युरोपचं सदस्यत्व सोडायचा कौल लागून तेव्हा तीन आठवडेही उलटले नव्हते. इतका हलका झालेला गुन्हेगार मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

गुन्हेगार हा शब्द मी जपून वापरते आहे. तुम्ही सार्वमत घेतलंत, याबद्दल माझी तक्रार नाही. लोकांना विचारणं हा गुन्हा होत नाही. हरलात, हाही गुन्हा नव्हे. गुन्हा असा की २३ जून २०१६ला तुम्ही लोकांच्या हाती दिलेली मतपत्रिका अर्धी कोरी होती. 'युरोपीय संघात राहायचं' म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते रोजचं जगणं होतं. 'सोडायचं' म्हणजे कुठे जायचं, हे तुम्ही लिहिलं नाहीत आणि तुमच्या सरकारातल्या कुणाला लिहूही दिलं नाहीत. बाहेर पडायचा कौल आला तर काय, याची तयारी करायला तुम्ही सरकारी खात्यांना सांगितलंच नाही. तुमच्याच संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने पुढच्याच महिन्यात याला घोर निष्काळजीपणा म्हटलं. मला त्याहून सौम्य शब्द सापडत नाही.

पर्याय नव्हते असं नाही. नॉर्वेचा रस्ता होता : युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहा, एकल बाजारपेठ हातात ठेवा. पण मग पैसे भरायचे, माणसांची मुक्त ये-जा मान्य करायची, आणि जे नियम करताना तुमचं मत मोजलं जात नाही ते पाळायचे. स्वित्झर्लंडचा होता : १९९२च्या सार्वमतात त्या आर्थिक क्षेत्राला नकार देऊन स्विस लोकांनी पुढची कित्येक वर्षं एकेक विषय घेत शंभराहून जास्त करार जोडत नेले, आणि ब्रसेल्सला तसलं जंजाळ पुन्हा नको होतं. तुर्कस्तानची सीमाशुल्क युनियन होती. तीत एक मेख आहे. युरोपीय संघ ज्या देशाशी मुक्त व्यापार करार करतो, त्या देशाच्या मालासाठी तुर्कस्तानला आपलं दार उघडावं लागतं, पण त्या देशाचं दार तुर्कस्तानसाठी आपोआप उघडत नाही. कॅनडाचा नमुना होता : सात वर्षं वाटाघाटी, आणि सहीच्या तोंडावर बेल्जियमच्या वालोनिया प्रांताने सगळं अडवून धरलेलं. शेवटी नुसते जागतिक व्यापार संघटनेचे नियम, म्हणजे मोटारींवर दहा टक्के जकात.

यातला प्रत्येक रस्ता दुसऱ्याला छेद देतो. नॉर्वे हवं तर स्थलांतर रोखता येत नाही. कॅनडा हवं तर आयर्लंडच्या सीमेचं काय, हा प्रश्न उभा राहतो. त्या सीमेवरच्या चौक्या हटल्या त्यामागे १९९८चा गुड फ्रायडे करार आहे आणि तीस वर्षांच्या रक्तपाताचा शेवट आहे. तुमच्या प्रचारात ही सीमा किती वेळा आली? 'सोडा' म्हणणाऱ्यांत कुणी एक रस्ता मनात धरला होता, कुणी दुसरा. सगळ्यांची मतं एकाच पेटीत पडली आणि १ कोटी ७४ लाख झाली. हे बहुमत होतं, पण कशासाठी होतं, हे ती मतं देणारेही एका तोंडाने सांगू शकले नसते.

त्याचा पुरावा २७ मार्च २०१९ला मिळाला. त्या रात्री हाऊस ऑफ कॉमन्ससमोर आठ पर्याय मांडले गेले आणि आठही फेटाळले गेले. सीमाशुल्क युनियनचा प्रस्ताव आठ मतांनी पडला आणि पाच दिवसांनी पुन्हा आणला तेव्हा तीन मतांनी. मे बाईंचा स्वतःचा करार त्याआधी जानेवारीत ४३२ विरुद्ध २०२ असा कोसळला होता. त्यांच्यावर किती राळ उडाली! कोकणात म्हणतात, करून गेला गाव आणि कांदळकराचं नाव. तुमचा कोरा कागद भरायला त्या बसल्या होत्या. तुम्ही मात्र तेव्हा पंचवीस हजार पौंडांच्या मेंढपाळी झोपडीत बसून आठवणी लिहीत होतात.

तुम्हाला हे कळत नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. २०१४मध्ये स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं सार्वमत तुमच्याच संमतीने झालं. तेव्हा वेगळं होऊ पाहणाऱ्यांनी आधी सहाशेहून जास्त पानांची श्वेतपत्रिका काढली : चलन कोणतं, निवृत्तिवेतन कसं, सैन्य कुठलं. तुमच्या बाजूने तिच्यातलं चलनाचं प्रकरण धरून त्यांना हैराण केलं, आणि ते योग्यच होतं. देश सोडणाऱ्याने पुढचा पत्ता सांगितलाच पाहिजे. मग दोनच वर्षांत तो दंडक कुठे गेला? १९७९मध्ये स्कॉटलंडच्या विधानसभेसाठी सार्वमत झालं, त्यात एकूण मतदारांपैकी चाळीस टक्क्यांचा होकार लागेल अशी अट होती, आणि झालेल्या मतदानात बहुमत मिळूनही ती मागणी त्या अटीवर अडली. २०१६ला एकूण मतदारांतले सदतीस टक्के 'सोडा' म्हणाले. तुम्ही कोणतीच अट घातली नव्हतीत.

आम्हा मराठी माणसांना सार्वमताचा एक अनुभव आहे, म्हणून हे पत्र लिहायचा अधिकार मी घेते. १६ जानेवारी १९६७ला गोव्यात जनमत कौल झाला. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे संघप्रदेश. दोन्ही चिन्हांमागे काय आहे, हे म्हापशाच्या बाजारातल्या मासेविक्रेत्या बाईलाही ठाऊक होतं. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. भाऊसाहेब विलीनीकरणाच्या बाजूचे होते, आणि सुमारे चौतीस हजार मतांनी हरले. महाराष्ट्रात पुष्कळांना तो निकाल झोंबला. पण भाऊसाहेब पळाले नाहीत. नव्या निवडणुकीला उभे राहिले, पुन्हा मुख्यमंत्री झाले, आणि स्वतःला नको असलेला निकाल मानून त्याच गोव्याचा कारभार चालवला. लोकांनी कौल दिला तर तो आपणच राबवू, असं सार्वमताआधी तुम्हीही सांगितलं होतंत. निकालाच्या सकाळी राजीनामा जाहीर केलात आणि सप्टेंबरात खासदारकीही सोडलीत.

आता किंमत. तुमच्या देशाच्या अर्थसंकल्पीय दायित्व कार्यालयाचा अंदाज आहे की युरोपीय संघात राहिला असता त्यापेक्षा देश दीर्घकाळात चार टक्के कमी उत्पादक राहील. त्या बदल्यात जगाशी स्वतंत्र करार करायचं स्वातंत्र्य मिळालं, असं सांगितलं जातं. आमच्याशी केलेला करार त्यातला मोठा. २४ जुलै २०२५ला सही झाली, त्यातून ब्रिटनला दीर्घकाळात वर्षाला ४.८ अब्ज पौंड मिळतील, असं ब्रिटिश सरकारच म्हणतं. तुमच्या अर्थव्यवस्थेच्या मानाने हा पाव टक्काही नाही. आम्हाला तो करार हवा होता, स्कॉच उतरत्या जकातीने येईल, आमचं कापड तिकडे जाईल, छान आहे. पण शेजारच्या सत्तावीस देशांशी होणाऱ्या व्यापाराची जागा तो कशी भरणार? टाटांच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हरने २०१८मध्येच बजावलं होतं की तुटातुटीचं बाहेर पडणं झालं तर वर्षाला १.२ अब्ज पौंडांचा फटका बसेल. कारखाना तुमचा, कामगार तुमचे, मालक मुंबईचे, आणि इशारा ऐकायला त्या वेळी तुम्ही खुर्चीत नव्हता.

पुढे काय? रस्ते अजून आहेत, फक्त महाग झालेत. कीर स्टार्मर यांनी मे २०२५मध्ये ब्रसेल्सशी जो समेट केला, त्यात खाद्यपदार्थांवरची तपासणी सैल करण्याचं ठरलं आणि युरोपच्या बोटींना ब्रिटिश पाण्यात २०३८पर्यंत मासेमारी मिळाली. असे तुकडे जोडत गेलात तर स्वित्झर्लंडचंच जंजाळ उभं राहील. सीमाशुल्क युनियनमध्ये गेलात तर सीमेवरची बरीच कागदपत्रं जातील, पण भारताशी केलेल्या करारासारखे जकातीचे करार स्वतःहून करता येणार नाहीत. एकल बाजारपेठ हवी तर मुक्त ये-जा मान्य करा. पूर्ण परत जायचं तर सत्तावीसही देशांचा होकार लागतो, आणि थॅचरबाईंनी १९८४मध्ये मिळवलेली वर्गणीतली सूट, पौंड राखण्याची मुभा हे सगळं पुन्हा मिळेल याची हमी कुणी देणार नाही. माझं मत विचाराल तर सीमाशुल्क युनियन आणि पुढे एकल बाजारपेठ हाच शहाणपणाचा रस्ता आहे. आयर्लंडची सीमा आणि कारखान्यांची पुरवठासाखळी या दोन्हींना तोच सोसतो.

हे सांगायचं धाडस तुमच्या देशातल्या सत्ताधाऱ्यांत नाही, कारण प्रत्येकाला पुढची निवडणूक लढवायची आहे. तुम्हाला लढवायची नाही. २०२३पासून तुम्ही हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये आहात, परराष्ट्रमंत्रीही होऊन गेलात. त्या निकालाचा विचार रोज मनात येतो, असं तुम्ही २०१९मध्ये म्हणाला होतात. मग त्या सभागृहात उभे राहा आणि प्रत्येक पर्यायात काय मिळेल आणि काय द्यावं लागेल, ते एकेक करून देशाला सांगा. दहा वर्षांपूर्वी मतपत्रिकेआधी द्यायला हवा होता तो हिशेब आता तरी द्या.

आपली,
मुंबईची एक वाचक