सहा श्रेयांक इटालियन

आमच्या तलासरीच्या भाचीने इटलीत जाऊन सहा श्रेयांक कमावले. म्हणजे तिकडच्या विद्यापीठाने दिले. इकडचं विद्यापीठ ते घेणार की नाही, याचा कागद अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आहे. गाव पेरुजा. परक्या माणसांना इटालियन शिकवायचे वर्ग तिथे आधी सुरू झाले आणि पुढे त्या एवढ्याशा कामासाठी अख्खं विद्यापीठ उभं राहिलं. पण तिच्या आईने, म्हणजे आमच्या ताईने, शेजारीपाजारी नुसतं 'पेरूला गेली' असं सांगून ठेवल्यामुळे निम्म्या आळीला वाटतं, पोर दक्षिण अमेरिकेत आहे. उरलेल्या निम्म्या आळीच्या मते चिकूच्या मुलखातली मुलगी पेरूची लागवड शिकायला गेली, यात नवल ते काय.

परत आल्यावर ती ताईबरोबर डहाणूला आमच्याकडे राहायला आली आणि तिने हिशेब समजावला. युरोपात एक श्रेयांक म्हणजे पंचवीस ते तीस तासांची मेहनत, घरचा अभ्यास धरून. वर्षाला ६०, पदवीला १८०. आपल्याकडे वर्गात पंधरा तास बसलं की एक श्रेयांक, आणि तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०.

"मग तिकडचे सहा म्हणजे इकडचे किती गं?" मी विचारलं.

"मामा, तेच तर कोणी सांगत नाही!"

आपल्याकडे श्रेयांकांची सरकारी बँकही निघाली आहे, २०२१ पासून. श्रेयांक तिथे जमा करायचे, सात वर्षांपर्यंत ठेवता येतात. ताईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "व्याज किती?" व्याज मिळत नाही म्हटल्यावर तिचा त्या बँकेतला रस संपला. "त्यापेक्षा पतपेढी बरी," म्हणून ती आत चहा ठेवायला गेली.

मला स्वतःला त्यांची परीक्षेची तऱ्हा फार आवडली. इटलीतल्या विद्यापीठांत बरीचशी परीक्षा तोंडी. गुण ३० पैकी, १८ ला पास. प्राध्यापक समोरासमोर सांगतात, "तुला बावीस देतो." पसंत नसेल तर पुष्कळ ठिकाणी विद्यार्थ्याला नको म्हणता येतं. सांगून आलेलं स्थळ परत पाठवावं तसे गुण परत पाठवायचे आणि पुढच्या खेपेला जरा बरे बघायचे! आमच्या पिढीने पदरात पडलेल्या पस्तिसाला नमस्कार केला. गुणांना नकार द्यायचा असतो, हे कळायला भाची इटलीला जावी लागली.

तशी इटली आमच्या भागात फार आधी येऊन गेली आहे. मारिया मॉन्टेसरीबाई १९३९ साली मद्रासला आल्या. पुढच्या वर्षी इटली युद्धात उतरली आणि इंग्रज सरकारच्या लेखी बाई शत्रुराष्ट्राच्या नागरिक ठरल्या. त्यांचा मुलगा मारिओ काही काळ स्थानबद्ध होता. तरी युद्ध संपेपर्यंत बाई इथेच राहून शिकवत होत्या. त्या इटालियनमध्ये बोलायच्या आणि मारिओ त्याचं इंग्रजी करायचा. समोर बसलेल्या शेकडो शिक्षकांच्या कानांवरून इतकं इटालियन गेलं, पण एकालाही श्रेयांक मिळाल्याचं ऐकिवात नाही. त्याच बाईंच्या पद्धतीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आमच्याकडचं पाणी पाजलं. महागड्या लाकडी साधनांच्या जागी बिया, पानं, शंखशिंपले आले, आणि पोरं शाळेत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊन बसवली. वारल्यांच्या पाड्यावर खडे मोजणाऱ्या पोराला आपण रोमची विद्या घेतोय याचा पत्ताही नव्हता. त्याचं काही अडलं नाही.

भाषांचं म्हणाल, तर तलासरीच्या पोराची गोष्ट ऐका. घरात वारली, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, मोबाईलवर हिंदी. बाप उंबरगावच्या कारखान्यात जातो, म्हणून पगाराच्या दिवशी गुजराती जरा जास्त. राज्याची हद्द हाकेच्या अंतरावर. सकाळी एका भाषेतून निघायचं, संध्याकाळी दुसरीतून परत यायचं. याला परदेशी शिक्षण का म्हणू नये, ते मला कोणी समजावून सांगावं.

भाचीचा श्रेयांकांचा हिशेब मी आमच्या दारावर येणाऱ्या मासेवालीला लावून पाहिला. ती आमच्याशी मराठीत भांडते, पलीकडच्या पारशी बंगल्यात गुजरातीत, नव्या इमारतीत हिंदीत आणि टोपली उचलून देणाऱ्या जावेशी मांगेलीत. १८० श्रेयांक, प्रत्येकी पंचवीस तास, म्हणजे साडेचार हजार तास. रोज तीन तास गुजराती धरलं आणि जून-जुलैची मासेमारीबंदी वगळून वर्षाचे ३०० दिवस धरले, तर पाच वर्षांत पदवी. ती तर माझ्या लग्नाच्या आधीपासून येते आहे. म्हणजे एव्हाना बाई निदान पाचसहा वेळा पदवीधर; तेही तोंडी परीक्षेवर, आणि रोज समोर नवा परीक्षक.

भाचीला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, व्याकरण नको का? पद्धतशीर नको का? दुसऱ्या दिवशी मासेवाली ओट्यावर टेकली, पापलेटाचे कल्ले उघडून लालभडक दाखवले आणि भाव सांगितला. भाचीने इटलीतला मंडईचा सगळा अनुभव पणाला लावून म्हटलं, "त्रोप्पो कारो!"

"काय बोलली ही?"

"फार महाग, म्हणते. इटालियनमध्ये."

मासेवालीने कल्ला मिटला. "ते गिऱ्हाईकाचं झालं, बाय. 'यात परवडत नाही' कसं बोलतात, ते सांग."

भाची वही आणायला आत गेली.