'चालेल हो ताई' म्हणणाऱ्या महोदयांस खुले पत्र

मालवणच्या किनाऱ्यावर स्कूबाचे सामान भाड्याने देणारे आदरणीय महोदय यांस,



पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले होते. किनाऱ्यावरच्या गडबडीत ते जमले नाही, आणि नंतर सोललेली टाच भरून येईपर्यंत कृतज्ञतेला वेळच मिळाला नाही.

पहिले आभार आपल्या नजरेचे. माझ्या आणि माझ्या भाचीच्या पायांकडे एकदाही न बघता आपण भिंतीवरच्या फिन्सच्या दोन जोड्या काढल्यात, समोर ठेवल्यात आणि म्हणालात, "चालेल हो ताई, फ्री साइझच आहे." फ्रान्सच्या नौदलातले अधिकारी लुई द कोर्लियू यांनी १९३३ मध्ये पोहण्याच्या फिन्सचे पेटंट घेतले. तेव्हापासून जगभरचे कारखानदार वेगवेगळ्या मापांचे साचे काढत बसले आहेत. आपली भेट झाली असती तर बिचाऱ्यांचा केवढा खर्च वाचला असता!

भाचीच्या फिनच्या तळव्यावर ४२-४३ असे कोरलेले होते. तिला आपल्याकडच्या मापाने ४ नंबरची चप्पल लागते, म्हणजे युरोपीय मापात ३७. हा फरक मी दाखवला तेव्हा आपण किती प्रेमाने समजूत घातलीत, "आतून दोन मोजे घाला." साध्या सुती मोज्यांचा असा उपयोग मला ठाऊक नव्हता. ते पाण्यात भिजून लोळागोळा झाले आणि पाय आत पहिल्यापेक्षा जास्त सरकू लागला.

मला मात्र आपण उलट प्रसाद दिलात. माझा फिन इतका घट्ट की बोटे आत दुमडूनच बसली. "रबर आहे, पाण्यात सैल होईल," असे आपण म्हणालात. मागच्या हंगामापासून उन्हात टांगलेले, कडक पडलेले रबर पाण्यात शिरताच मऊ व्हायचे होते म्हणे. ते नाही झाले. बोटे दुमडलेली राहिली, तळपाय आखडला, आणि थोड्याच वेळात पोटरीत असा गोळा आला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. आमच्या कोर्सच्या प्रशिक्षकांनी माझ्या फिनचे टोक धरून माझ्या दिशेने ओढले, गुडघा सरळ करायला लावला, तेव्हा कुठे पोटरी सुटली. दम लागला की श्वास वाढतो, आणि श्वास वाढला की सिलिंडर लवकर संपतो. माझी हवा बाकीच्यांच्या किती तरी आधी संपत आली आणि मला वर यावे लागले. समुद्रातून इतक्या लवकर सुटका करून दिल्याबद्दल आपली ऋणी आहे.

इतक्यात भाचीचा डावा फिन निसटला. असा जड रबरी फिन तरंगत बसत नाही, सरळ तळ गाठतो. आपण मोठ्या मनाने तिला रागावला नाहीत. फक्त पूर्ण जोडीचे पैसे डिपॉझिटमधून कापून घेतलेत आणि वर सांत्वन केलेत, "पाय नीट धरायचा असतो बाळा." महोदय, पाय फिनला धरत नाही. फिनने पायाला धरायचे असते.

हे आपल्याला कोणी सांगितले नसेल, म्हणून हात जोडून सांगते. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन. ते मागे ढकलायचे तर मांडीपासूनचा जोर पायाच्या पंजातून फिनच्या पात्यात उतरला पाहिजे. पाय आत हलत राहिला तर तो जोर टाच सोलण्यात जातो. घट्ट बसला तर रक्त अडते आणि स्नायू आखडतो. म्हणून बसवून बघायचे असते: बोटे सपाट पसरलेली, टाच खोबणीत टेकलेली, पाय उचलून झटकला तर फिन डावी-उजवीकडे डुलत नाही. बंद टाचेचा फिन अनवाणी पायावर बघायचा. पट्ट्याचा फिन निओप्रिनचे बूट चढवून बघायचा, आणि ज्या बुटांवर पाण्यात जायचे त्याच बुटांवर. आपल्याकडे पट्ट्याचे फिन्स होते, बूट नव्हते. ही काटकसर मात्र खरोखर थोर.

आमच्याकडे तारापूरच्या एमआयडीसीत नवा कामगार लागला की सेफ्टी शूज देण्याआधी स्टोअरवाला त्याला नंबर विचारतो. तिथे पायाखाली निदान जमीन तरी असते.

आपण माझे गावही विचारलेत, त्याबद्दल आभार. वैतरणा म्हटल्यावर आपण किती कौतुकाने म्हणालात, "मग काय, खाडीकाठचे लोक तुम्ही, पाणी तुमच्या रक्तात!" या कौतुकाचे उत्तर देणे माझे कर्तव्य समजते. आमच्या खाडीत रेतीसाठी डुबी मारणारे मजूर मी लहानपणापासून पाहिले आहेत. होडीवरून रोवलेल्या बांबूला धरून हा माणूस गढूळ पाण्यात तळापर्यंत जातो, अंधारात चाचपडत बादली भरतो आणि वर येतो. पायात काही नाही, पाठीवर हवा नाही. छाती फुटेल असे ते काम. त्यात कौतुक करण्यासारखे काही नाही, त्याची चीड यावी. पण त्या माणसाच्या हातात बांबू असतो. ओहोटीची ओढ लागली तर तो बांबू त्याला धरून ठेवतो. समुद्रात माझ्या हाती काय होते? हात तर आखडून धरायला शिकवतात, कारण पाण्याखाली सगळी चाल पायांची. तिथे माझा बांबू म्हणजे आपण दिलेले ते दोन फिन्स.

आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक पर्यटकांना गाइड पाठीमागून धरून फिरवतो, फोटो काढतो आणि वर आणतो. त्यांच्या पायांचे काय होते ते कोणी बघत नाही, म्हणून आपल्याला पायांची सवय राहिली नसावी. पण आता याच किनाऱ्यावर मुले-मुली रीतसर शिकायला येतात. तारकर्लीला एमटीडीसीने स्कूबाची संस्थाच उभी केली आहे. स्वतःच्या पायांवर पोहणाऱ्या या मुलींचे पाय लहान असतात, महोदय, आणि आपल्या भिंतीवर ४० च्या खाली एकही जोडी नव्हती. समुद्रात फक्त मोठ्या पायांच्या पुरुषांनीच उतरावे, असा आपला काही नियम असेल तर तो पाटीवर लिहावा. आम्ही वाचून परत जाऊ.

नसेल, तर एवढी कृपा करा. पावसाळ्यानंतर दुकान उघडाल तेव्हा भिंतीवर ३६ पासून मापे असू द्या. बुटांच्या काही जोड्या आणा. तडे गेलेले पट्टे बदला. ग्राहकाला बसून फिन घालून बघता येईल असे एक स्टूल ठेवा. यासाठी पैसा नाही म्हणाल, तर आमचे कापलेले डिपॉझिट आपल्याजवळ आहेच. त्यातून एक लहान जोडी घ्या, हिशेब मागणार नाही.

भाची पुढच्या हंगामात पुन्हा येणार आहे. तिला कोर्स पूर्ण करायचा आहे, आणि ती तो करणार. तिचे माप ३७, वहीत आजच लिहून ठेवा.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
वैतरण्याची एक ताई
(जि. पालघर)