भूत ओरिजिनल पाहिजे

भयपट पाहून आलेल्या माणसाला ‘घाबरलात का?’ असं विचारू नये. पगार विचारल्यासारखं वाटतं त्याला. उत्तर देतो, पण खरा आकडा सांगत नाही. ‘छे हो, दोन-तीन ठिकाणी बरा आहे,’ एवढंच म्हणतो, घरी जातो आणि रात्री दोन वाजता बायकोला हलवून विचारतो, ‘तुला बाथरूमला जायचंय का गं?’

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत अशा निर्भय लोकांचं एक मंडळ आहे. दर अमावास्येला गच्चीवर पांढरी चादर टांगायची, प्रोजेक्टर लावायचा आणि भुताचा सिनेमा बघायचा, असा नेम. अमावास्याच का, तर पौर्णिमेला गच्ची सत्यनारायणाला दिलेली असते. बाकी त्यात गूढ काही नाही. तीन वर्षांत मंडळाने चार सिनेमे शेवटपर्यंत पाहिले. उरलेल्या सगळ्या अमावास्या ‘ओरिजिनल बघायचा की रिमेक’ या वादात गेल्या. भेळ मात्र प्रत्येक वेळी संपली.

या मंडळींची शिफारस करण्याची तऱ्हा डॉक्टरच्या चिठ्ठीसारखी आहे. रात्री, एकट्याने, दिवे बंद करून, हेडफोन लावून. जेवणाआधी की जेवणानंतर, तेवढंच सांगायचं राहतं. ‘पहिला पाऊण तास काही होत नाही, पण सोडू नकोस,’ हा पथ्याचा भाग. याला हल्ली ‘स्लो बर्न’ म्हणतात. आमच्या लहानपणी याला ‘सिनेमा कंटाळवाणा आहे’ असं म्हणत. आणि चुकून तुम्ही तो पाहिलेला निघालात, तरी सुटका नाही. कोणता पाहिलास, जुना की नवा? जुना? डब केलेला की सबटायटलवाला? सबटायटलवाला? मग कापलेला की पूर्ण? कुठेतरी तुम्ही पायरी चुकताच. त्याशिवाय समोरच्याला झोप लागत नाही.

तिसऱ्या मजल्यावरचे काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या मते आपला भयपट १९४९ साली ‘महल’ने सुरू झाला आणि तिथेच संपला. कमाल अमरोहींचं दिग्दर्शन, अशोककुमार, मधुबाला आणि लताबाईंचं ते गाणं, ज्याच्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. ‘अहो, भुताने स्वतःच्या नावावर रेकॉर्ड काढली! दाखवा करून रिमेकमध्ये,’ असं म्हणून काका भेळेत कांदा मागतात. ‘महल’मध्ये शेवटी भूत नसतंच, ही आठवण त्यांना कुणी करून देत नाही. त्या काळी रीतच होती तशी. दोन-अडीच तास धुकं, कंदील, पैंजण, आणि शेवटी कुणीतरी नात्यातलंच निघायचं. कदाचित म्हणूनच ते सिनेमे चालले. भुतापेक्षा नातेवाइकाला घाबरणारे प्रेक्षक आपण.

काकांचा दुसरा पुरावा होता १९६२चा ‘बीस साल बाद’. ‘होता’ म्हणतो, कारण एका अमावास्येला पहिल्या मजल्यावरच्या इंजिनिअरने अगदी शांतपणे सांगितलं, ‘काका, ती शेरलॉक होम्सच्या बास्करव्हिलच्या कुत्र्याची गोष्ट आहे. आणि आपल्याकडे त्यावर १९५१मध्येच बंगालीत ‘जिघांसा’ येऊन गेला.’ पुढच्या अमावास्येला काका आले नाहीत. गुडघा दुखत होता म्हणे.

इंजिनिअर जागतिक आहे. त्याचं तत्त्व एकच, रिमेकने मूळ कलाकृतीत काहीही बदलू नये. आता हे तत्त्व एका माणसाने खरोखर पाळून दाखवलंय. गस व्हॅन सँटने १९९८मध्ये हिचकॉकचा १९६०चा ‘सायको’ जवळजवळ शॉटला शॉट लावून पुन्हा काढला. संवाद तेच, संगीत तेच, तीच अंघोळ, तोच सुरा. फक्त रंगीत. लोकांनी तो असा काही पाडला की आजही एखाद्या सिनेमाला नावं ठेवायची झाली की तो उदाहरणाला लागतो. इंजिनिअरला विचारलं, तुझ्या मनासारखं झालं ना, काही बदललं नाही, मग चुकलं काय? तो म्हणाला, ‘मग काढायचाच कशाला?’ म्हणजे बदललं तर पाप आणि नाही बदललं तर रिकामं काम. रिमेक करणाऱ्याची गत सासुरवाशिणीची. बरं, हिचकॉकचा ‘सायको’ तरी आकाशातून पडला होता का? रॉबर्ट ब्लॉकची कादंबरी १९५९ची. पुस्तक आल्यावर पुढच्याच वर्षी सिनेमा पडद्यावर. त्या बाथरूममध्ये रक्त म्हणून ओतलं होतं चॉकलेटचं सिरप, कृष्णधवल चित्रात ते खपून गेलं. रक्तसुद्धा ओरिजिनल नव्हतं हो.

पण इंजिनिअरचा खरा प्राण आहे जपानी ‘रिंगू’त, १९९८चा. हॉलिवूडने २००२मध्ये त्याचा ‘द रिंग’ केला, हे दुःख तो अजून उगाळतो. ‘आत्मा हरवला,’ म्हणतो. एक कॅसेट आहे, ती पाहिली की सात दिवसांत मरण. जीव वाचवायचा उपाय काय, तर त्या कॅसेटची कॉपी काढायची आणि दुसऱ्याला दाखवायची. हॉलिवूडने दुसरं काय केलं? कथेचा इतका आज्ञाधारक प्रेक्षक दुसरा कुणी झाला नसेल. शिवाय ‘रिंगू’च्या आधी कोजी सुझुकींची १९९१ची कादंबरी आणि १९९५चा टीव्हीवरचा सिनेमा आहेच. म्हणजे इंजिनिअरला मिळालेली कॅसेटही कॉपीच. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. काकांच्या गुडघ्यावरून धडा घेतलाय.

चौथ्या मजल्यावरचे वकील रामसेपंथी. हा पंथ मला मनापासून आवडतो, कारण यांना ओरिजिनलचा सोस नाही. रामसे बंधू सात भाऊ, कुणी कॅमेरा धरायचा, कुणी आवाज, कुणी कात्री. एकत्र कुटुंब पद्धतीतून निघालेलं यापेक्षा भीतिदायक काही माझ्या पाहण्यात नाही. आणि धंद्याची सुरुवातही कशी, तर १९७०च्या ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’मध्ये पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करायला येतात, तेवढ्याच प्रसंगासाठी लोक थिएटरात येत होते. सिनेमा पडला, पण भावांनी हिशेब मांडला: लोकांना मुखवटा पाहिजे, बाकी गोष्ट नसली तरी चालेल. त्यातून १९७२चा ‘दो गज जमीन के नीचे’ झाला, १९८४चा ‘पुराना मंदिर’ झाला आणि त्यातला सामरी झाला. सामरीचं काम करणारे अनिरुद्ध अग्रवाल रुरकीला शिकलेले स्थापत्य अभियंते. आमच्या इंजिनिअरला वकील हे दर अमावास्येला ऐकवतात. ‘बघ, तुमच्या शिक्षणाचा उपयोग करणारा एक निघाला.’

दुसऱ्या मजल्यावरच्या डेंटिस्टबाईंनी दिवसभर लोकांचे चेहरे भीतीने पांढरे पडलेले पाहिलेले असतात. त्यांच्यावर ‘द एक्झॉर्सिस्ट’चा परिणाम होत नाही. त्या घाबरतात फक्त तात्या विंचूला. महेश कोठारेंचा १९९३चा ‘झपाटलेला’ त्यांनी सहा वर्षांच्या असताना पाहिला आणि घरातली बाहुली शेजारणीला देऊन टाकली. शेजारीण आजही बोलत नाही. ‘ते तर १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’मधल्या चकी बाहुल्यावरून,’ इंजिनिअर म्हणालाच. त्यावर बाई उसळल्या. ‘चकीत लक्ष्या आहे का? इन्स्पेक्टर महेश जाधव आहे का? बाबा चमत्कार आहे का?’ तिन्ही प्रश्नांचं उत्तर नाही असंच येत होतं. रामदास पाध्यांनी घडवलेला तो बाहुला आणि त्याला मिळालेला दिलीप प्रभावळकरांचा आवाज. चकी घरी आला तर इंग्रजीत धमकी देईल, आपण ‘राँग नंबर’ म्हणून दार लावू. तात्या विंचू मराठीत बोलतो. त्याला पत्ता विचारायची गरज नाही.

तळमजल्यावरचे केरळी शेजारी मितभाषी. पण ‘भूलभुलैया’चं नाव निघालं की ते पाण्याचा ग्लास खाली ठेवतात. फाझिल यांचा १९९३चा ‘मणिचित्रताळ’, शोभनाचं ते राष्ट्रीय पारितोषिक मिळालेलं काम. त्याचा २००४मध्ये कन्नडमध्ये ‘आप्तमित्र’ झाला, २००५मध्ये तमिळमध्ये ‘चंद्रमुखी’, त्याच वर्षी बंगालीत ‘राजमहल’ आणि २००७मध्ये आपला हिंदी. एका माणसाने चार भाषांतून दुखावलं जायचं, हे सोपं नाही. बरं, मूळ सिनेमाचं सगळं मर्म हे की भूत नाही, मन आजारी आहे. आणि हिंदीत दुसरा भाग आला तो खऱ्याखुऱ्या भुताला घेऊन. ‘पेशंटला बरं केलं आणि भुताला नोकरी दिली,’ एवढंच ते म्हणाले. तीन वर्षांतलं त्यांचं सर्वांत लांब वाक्य.

मंडळाची खरी गंमत झाली ती विशाल फुरियांच्या ‘लपाछपी’च्या वेळी. २०१७मध्ये आलेला मराठी सिनेमा. उसाच्या फडात एक घर, गरोदर पूजा सावंत आणि मुलगी नको असलेलं गाव. खरोखर अंगावर येतो. २०२१मध्ये त्याचा हिंदीत ‘छोरी’ झाला. ‘मराठीची सर नाही,’ असा ठराव एकमताने झाला. ‘या हिंदीवाल्यांना उसाचा फड काय कळणार! मूळ दिग्दर्शकाला विचारायचं तरी,’ असं काका म्हणाले (गुडघा तोवर बरा झाला होता). हिंदीचे दिग्दर्शकही विशाल फुरियाच आहेत, असं मी सांगितल्यावर गच्चीवर जी शांतता पसरली, तशी ‘पुराना मंदिर’मध्येही पसरली नव्हती. मग वकील म्हणाले, ‘तेच म्हणतोय मी, स्वतःचंच बिघडवलं त्याने.’ जपानी ताकाशी शिमिझूंनीही आपलाच ‘जू-ऑन’ २००४मध्ये हॉलिवूडसाठी ‘द ग्रज’ म्हणून काढला होता. त्यांनाही घरची मंडळी हेच म्हणाली असणार. स्वतःच्या घरात चोरी केली तरी शेजारी ओरडतात.

मध्यंतरी ‘मुंज्या’ लावला. सेक्रेटरींच्या आई वारा खायला वर आल्या होत्या, त्यांनीही बसून पाहिला. कोकणातल्या, ब्याऐंशी वर्षांच्या. त्या तरी निर्मळ मनाने घाबरतील, असं वाटलं होतं. संपल्यावर म्हणाल्या, ‘आमच्या विहिरीवरच्या पिंपळावर होता तो काही असा नव्हता हो.’ म्हणजे इथेही ओरिजिनल आधीच पाहून झालेला.

आता ‘तुंबाड’. या बाबतीत मंडळात दोन गट नाहीत, सगळे एकाच गटात आहेत. प्रत्येकाने तो २०१८मध्येच, थिएटरात, पहिल्या आठवड्यात पाहिलाय. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी ज्यांनी तो तेव्हा पाहिल्याचं सांगितलंय ते सगळे खरंच गेले असते, तर राही अनिल बर्व्यांना २०२४ची वाट पाहावी लागली नसती. सप्टेंबर २०२४मध्ये तो पुन्हा लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. मीही तेव्हाच पाहिला. हे मी गच्चीवर कबूल केलं आणि माझी खुर्ची आपोआप मागच्या रांगेत गेली.

‘तुंबाड’चा विषय निघाला की काका नारायण धारपांवर येतात, आणि इथे काकांचा आवाज खरा हलतो. गोधडीत शिरून, बॅटरीच्या उजेडात वाचलेले धारप. ‘त्या सिनेमात जी म्हातारी आहे ना, साखळीला बांधलेली, ती धारपांच्या ‘आजी’वरून. अस्सल मराठी भीती!’ इंजिनिअरने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानेही माझ्याकडे पाहिलं. ‘आजी’च्या मागे स्टीफन किंगची ‘ग्रॅमा’ उभी आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. धारपांच्या ‘लुचाई’मागे किंगचाच ‘सेलम्स लॉट’ आहे, आणि त्याच्यामागे, खुद्द किंगच्या कबुलीने, १८९७चा ‘ड्रॅक्युला’ आहे. त्या काउंटने ट्रान्सिल्व्हानियाहून इंग्लंड, तिथून अमेरिका, तिथून मराठी, एवढा प्रवास केला आणि कुठल्याच नाक्यावर त्याला कुणी ओरिजिनल कागदपत्रं विचारली नाहीत. ती विचारायला आमची गच्ची बसली होती. पण काका एवढे खूष दिसत होते की इंजिनिअर म्हणाला, ‘भेळ घ्या काका.’ तीन वर्षांत त्याने केलेलं हे पहिलं सत्कृत्य.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयातून धारपांचं एक जुनं पुस्तक आणलं. पुठ्ठा नवा, आतली पानं पिवळी. बाराव्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘अजिबात भीती वाटत नाही.’ एकोणचाळीसाव्या पानावर त्याच अक्षरात: ‘अजूनही नाही.’ हे अक्षर मात्र थोडं हललेलं होतं. साठाव्या पानावर निळ्या शाईत: ‘हे इंग्रजीवरून घेतले आहे.’ खाली पेन्सिलीत: ‘मग इंग्रजीच वाचा की.’ त्याखाली लाल पेनाने: ‘वाचले. हेच बरे आहे.’ आणि सर्वांत खाली, बहुधा ग्रंथपालांचं: ‘पुस्तक खराब करू नये.’

शेवटची दोन पानं फाटलेली होती. कुणी फाडली कोण जाणे. पण कुणा सज्जनाला पुढच्या वाचकाची दया आली असावी. मलपृष्ठाच्या आतल्या कोऱ्या बाजूवर त्याने बारीक अक्षरात गोष्टीचा शेवट आठवून आठवून, संवादांसकट लिहून ठेवला होता. दाराची कडी कशी वाजते, मग कंदील कसा विझतो, सगळं. रात्रीचे साडेबारा झाले होते, घरात सगळे झोपलेले, आणि तो शेवट मी दोनदा वाचला.

त्याच्याखाली निळी शाई होतीच: ‘मूळ शेवट असा नव्हता.’