उजव्या कोपऱ्यातली चौकट

इंजिनिअरिंगच्या ड्रॉइंगवर खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. कुणी काढलं, कुणी तपासलं, कुणी मंजूर केलं. तीन सह्या, तारखेसकट. धरण असो की गावची पाण्याची टाकी, या चौकटीशिवाय ड्रॉइंगला कुणी हात लावत नाही.

सल्लागार कंपन्यांच्या पीपीटीवर ही चौकट नसते. पहिल्या पानावर कंपनीचा लोगो, शेवटच्या पानावर धन्यवाद. मधली पानं रात्र जागून कुणी केली?

साहेबांनी, असं क्लायंट समजतो.

शनिवारी पुण्याच्या गाडीतून पाटणच्या स्टँडवर उतरणारी पोरं पाहा. कुणी कराडच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजातलं, कुणी सांगलीच्या वालचंदमधलं. आज अशाच सल्लागार कंपन्यांसाठी कुणी कारखान्यांत सॅप सॉफ्टवेअर बसवतं, कुणी बँकांचा डेटा क्लाउडवर हलवतं. पाठीवरची सॅक उतरायच्या आत फोन वाजतो, "लॅपटॉप जवळ आहे ना?" भाकरी थापता थापता आई विचारते, "आज सुट्टी हाय न्हवं रं?"

पोराला कामाचा कंटाळा नाही. रात्री दोनला बंद पडलेली सिस्टिम पहाटेपर्यंत उभी करायची त्याला हौस आहे. खटका उडतो सोमवारी. क्लायंटच्या कॉलवर मॅनेजर सांगतो, "आम्ही रातोरात सोडवलं." पोरगं म्यूटवर. नंतर त्यानं विषय काढलाच, तर उत्तर ठरलेलं : "अरे, टीमचं काम आहे."

ठीक. मग अप्रेझलच्या दिवशी टीम कुठे जाते? तिथे तर विचारतात, "तू काय केलंस?"

आणि चूक झाली की? त्याचं नाव ठळक अक्षरात, सीसीमध्ये निम्मं ऑफिस. म्हणजे नाव लिहिता येतं की!

त्यात बेल कर्व्ह. सगळ्यांनी जीव तोडून काम केलं तरी काहींना खालच्या रकान्यात ढकलायचं, हे वर्ष सुरू होतानाच ठरलेलं. मग शेजारच्या खुर्चीवरचा मित्र फाइल दडवणार नाही तर काय करणार? भांडण पेटलं की एचआर सगळ्यांना टीम बिल्डिंगसाठी महाबळेश्वरला नेतं. रेटिंगचा तक्ता मागे ऑफिसातच राहतो, जसाच्या तसा.

"पगार मिळतो ना? नावासाठी काय रडायचं?" असं विचारणारे चावडीवरही भेटतात. पगारवाढ, पुढचा प्रोजेक्ट, परदेशची संधी हे सगळं त्या नावावरच ठरतं, काका.

नावं कशी गळतात, ते आपल्या पाटण तालुक्यापुरतं बोलू. 11 डिसेंबर 1967, पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटं. कोयनेचं 103 मीटर उंच धरण भूकंपानं हादरलं, वरच्या भागाला तडे गेले, पण उभं राहिलं. आराखड्यात भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या 5 टक्के धरला होता. धरणातल्या यंत्रानं टिपलेला धक्का त्याच्या दहापटीच्या घरात निघाला. त्या नोंदीवर बर्कलेच्या अनिल चोप्रांपासून जगभरच्या तज्ज्ञांनी काम केलं. अबॅकस नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्याच्या पुस्तिकेत आजही कोयना धरणाचं उदाहरण छापलेलं असतं. ज्याला पाटण नकाशावर दाखवता येणार नाही असा परदेशी अभियंता आपलं धरण कॉम्प्युटरवर हलवून पाहतो.

विश्लेषण करणाऱ्यांची नावं शोधनिबंधांवर आहेत. असायलाच हवीत. पण ते यंत्र चालू ठेवायला धरणाच्या पोटात उतरणारा माणूस कोण? यंत्र त्या पहाटे बंद असतं तर निबंध कशावर लिहिले असते?

13 मार्च 1999 ला कोयनेत लेक टॅपिंग झालं, आशियातलं पहिलं. जलाशयाच्या तळाशी राखलेला खडकाचा शेवटचा पडदा स्फोटानं उडवून पाणी बोगद्यात घ्यायचं. 25 एप्रिल 2012 ला पुन्हा तेच धाडस. नॉर्वेचं तंत्र म्हणून त्या देशाचं नाव झालं, समारंभाला आलेल्यांचं झालं. पडद्यात भोकं पाडणाऱ्यांचं?

आता पुण्यात या. 2024 च्या जुलैत अर्न्स्ट अँड यंगशी संलग्न ऑडिट कंपनीत चार महिन्यांपूर्वी लागलेली 26 वर्षांची सीए मुलगी गेली. कामाच्या ओझ्यानं गेली, असं आईनं कंपनीप्रमुखांना लिहिलं. कंपनीनं ते मानलं नाही. अंत्यसंस्काराला ऑफिसातून कुणीही आलं नाही, हेही त्या पत्रात होतं. कामगार खातं तपासायला गेलं, तर 2007 पासून चाललेल्या त्या ऑफिसची दुकानं-आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती.

नोंदणी नाही, मग तास कोण मोजणार?

त्याच 2017 च्या कायद्यात दिवसाला 9 तास आणि आठवड्याला 48 तास लिहिले होते. 2025 च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळानं 9 चे 10 करायला मंजुरी दिली. एका आईच्या पत्राला वर्ष होताना सरकारला सुचलं ते हे!

तेव्हा कंपन्या सुधारतील म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. पैसे देणाऱ्यानं अट घालावी. सल्लागारांचं मोठं गिऱ्हाईक सरकारच आहे. पाणी योजनेचा सविस्तर प्रकल्प अहवाल (डीपीआर) असो की एखाद्या खात्याचं सॉफ्टवेअर, निविदेत एक कलम टाका : अहवालाच्या शेवटी काम करणाऱ्या प्रत्येकाचं नाव, त्यानं केलेला भाग आणि लागलेले तास. हे पान नसेल तर बिल पास नाही. तास खरे लिहिले, की रात्रीची जागरणं कागदावर येतील. नावं खरी लिहिली, की पुढच्या मुलाखतीत पोराला पुरावा दाखवता येईल.

खर्च किती? एक पान. मुंबईनं आधी करावं म्हणून थांबायचं कारण नाही. पाटण नगरपंचायतीनं पुढच्याच डीपीआरच्या निविदेत हे कलम घालावं.