झारचा डाव

दिंडोरीत नानांकडे गेलात की चहाच्या आधी शिसवी डबा येतो. आत लाल मखमल आणि तिच्यात बुद्धिबळाच्या 31 सोंगट्या. बत्तिसावं प्यादं म्हणजे वाइनच्या बाटलीचं बूच, शाईनं काळं केलेलं. नाना त्याला ‘नंतरची दुरुस्ती’ म्हणतात.

‘‘झारच्या घरचा डाव आहे हा, भाऊ. हात पुसून घ्या.’’

युवराज निकोलस, म्हणजे पुढचा शेवटचा झार, 1890 च्या डिसेंबरात मुंबईला उतरला होता, एवढं इतिहासात आहे. तिथून पुढचं नाना सांभाळतात. गाडी नाशिकला थांबली, युवराजांना तहान लागली आणि फलाटावर नेमके नानांचे पणजोबा होते. कधी ते पाणी देतात, कधी पेरू. पाहुणे माहेरकडचे असले की काकू आतून म्हणतात, ‘‘परवा अंजीर होतं.’’

पुरावा म्हणून होडी पुढे येते. या डावात हत्तीच्या घरात हत्ती नाही, होडी आहे. जुन्या रशियन डावांत अशी होडी असते हे खरंच. बंगालातही असते, पण ते नानांसमोर काढू नये. पणजोबांना मग कलकत्त्यापर्यंत न्यावं लागतं.

सोंगट्या कशाच्या, हे समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. व्याह्यांसाठी अस्सल हस्तिदंत. एकदा सोयरिकीच्या बोलण्यात मुलाचे मामा वनखात्यात असल्याचं कळलं, तर चहा निवायच्या आत हस्तिदंताचं उंटाचं हाड झालं. वयाचंही तेच. एरवी डाव दोनशे वर्षांचा. मग कुणीतरी सांगितलं, शंभरी गाठलेली कलावस्तू कायद्यानं ‘पुरावशेष’ ठरते आणि परदेशी विकता येत नाही. त्या आठवड्यात डाव 98 वर्षांचा होता. म्हणजे झार मुंबईला आला तेव्हा तो जन्मलाही नव्हता. पण एवढा हिशोब पाहुण्यानं करायचा नसतो. वन्यजीवांचा कायदा आणि पुरावशेषांचा कायदा, दोन्ही 1972 चे. ते साल काढलं की गावाला दुष्काळ आठवतो, नानांना हे दोन कायदे.

कुणी फार चिकित्सा केली, की नाना मोबाइलवर कुरोपात्किनचा डाव दाखवतात. 1905 साली फाबर्जेच्या कारखान्यात घडलेला, पट चांदीचा, सोंगट्या रंगीत दगडांच्या. राजघराण्यासाठी मढवलेली अंडी करणारा तोच हा फाबर्जे. कुरोपात्किन मात्र झार नव्हे, झारचा सेनापती. त्याच वर्षी मुकदेनला जपान्यांकडून सपाटून हरलेला. हे ऐकून नाना खंतावतात. ‘‘हरला तरी चांदीचा पट! आमची बाग गारपिटीत गेली तेव्हा कुणी साधी सोंगटी दिली का?’’ इथे मी नानांच्या बाजूचा आहे.

गेल्या हंगामात मात्र पंचाईत झाली. नाशिकची द्राक्षं रशियाला जातात. तिकडचा एक खरेदीदार माल बघायला पॅकहाउसवर आला. नानांनी डबा नेला, दुभाष्याकरवी पणजोबांची सगळी हकीकत ऐकवली. त्या दिवशी पेरू होता. रशियनानं मान डोलावली, एक क्रेट उपडं केलं, वहीच्या कागदावर पट आखला, सोंगट्या मांडल्या आणि राजापुढचं प्यादं दोन घरं सारून नानांकडे बघू लागला.

नाना सोंगट्यांकडे बघत राहिले. घोडा अडीच घरं जातो एवढं त्यांच्या कानावर होतं. अर्धं घर कुठलं, हे कधी विचारलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी सगळ्यांत निर्धोक मोहरा निवडला. बूच उचललं आणि एक घर पुढे ठेवलं. रशियनानं ते हातात घेऊन निरखलं, हुंगलं आणि दुभाष्याला काहीतरी म्हणाला. दुभाष्या म्हणाला, ‘‘साहेब विचारतात, बाटली कुठे आहे?’’

डाव तिथेच मोडला. बाटली निघाली, भावही बरा ठरला.

परवा गेलो तर डब्यावर पितळी पट्टी ठोकलेली दिसली. नाना म्हणाले, ‘‘मजकूर अजून कोरायचाय. झारच्या वंशजाबरोबर खेळलेला डाव. तुम्ही लिहिता ना? नीट शब्दांत बसवून द्या. आणि हो, बरोबरीत सुटला म्हणून लिहा.’’