गच्चीवरचे ग्रिलकर

ग्रिलकर हा सातारा आणि सांगली या दोन्ही शहरांत, मुख्यतः सदरबझार, गोडोली, विश्रामबाग अशा वस्त्यांतल्या गच्च्यांवर, रविवारी संध्याकाळी आढळणारा पुरुष होय. वय चाळीस ते पंचावन्न. पायात बर्म्युडा, गळ्यात ॲप्रन, हातात लांब दांड्याचा चिमटा. जवळून पाहिल्यास त्याच्या एका भुवईचे केस दुसरीपेक्षा विरळ दिसतात. गॅस ग्रिल पेटवताना झाकण उघडे ठेवायचे असते, हे त्याला पहिल्या रविवारी ठाऊक नव्हते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने झाकणाखाली साठून राहतो आणि काडी लागली की सगळा एकदम पेटतो. भुवई महिन्या-दोन महिन्यांत परत येते. मधल्या काळात ग्रिलकर चष्म्याची फ्रेम जाड करून घेतो.

वाईला तयार झालेल्या मराठी विश्वकोशात या प्रकाराची नोंद नाही, यात संपादकांचा दोष नाही. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. तेव्हा या भागातल्या गच्च्यांवर पापड आणि कुरडया वाळत असत आणि राखणीला एक पोर बसवले की भागत असे.

उगमावरून ग्रिलकरांच्या दोन जाती पडतात. पहिली, परतलेल्यांची. हा गृहस्थ कंपनीच्या कामानिमित्त न्यू जर्सीला किंवा डॅलसला दोन-तीन वर्षे राहून आलेला असतो आणि ४ जुलैला शेजाऱ्याच्या अंगणात खाल्लेल्या बर्गरची आठवण त्याला दिवाळीतही येते. दुसरी जात व्हिडिओवाल्यांची. यांचे परदेशगमन झालेले नसते. खंबाटकी घाट ओलांडायचा तो पुण्याला सासुरवाडीस जाण्यापुरता. परंतु ज्ञानाच्या बाबतीत हीच जात अधिक कडक. परतलेल्याने निदान चार वाईट बर्गर तिकडे खाल्लेले असतात, त्यामुळे त्याला थोडी माया असते. व्हिडिओवाल्याने फक्त उत्तम बर्गर पाहिलेले असतात.

आपण नवी प्रथा पाडली, असे दोघांनाही वाटते. वस्तुतः पश्चिम महाराष्ट्रात गावच्या जत्रेचे मटण पुरुषच शिजवत आले आहेत, आणि तेही उघड्यावर, तीन दगडांच्या चुलीवर. अनेक घरांत मांसाहार सैपाकघरात चालत नसे. त्याची भांडी वेगळी, चूल परसात. वाडे पाडून अपार्टमेंट उभी राहिली तेव्हा परस गेले आणि मटणाला वर चढण्यावाचून मार्ग उरला नाही. ग्रिलकराच्या आजोबांनी हेच काम धोतराचा काचा मारून, कुणालाही तापमान न सांगता केलेले असते. ते मटण रस्स्यातले असल्याने कोरडे पडण्याची भीती मात्र नव्हती. रस्सा नसलेल्या मटणाला ओलावा कुठून आणायचा, हा प्रश्न नातवाच्या वाट्याला आला.

आधी उपकरण. अमेरिकेतून बरोबर आणलेले ग्रिल इथल्या सिलिंडरला जोडता येत नाही. तिकडे प्रोपेन, इथे प्रोपेन व ब्युटेनचे मिश्रण. जेटचे भोक, व्हॉल्व्ह, नळीचे आटे, सगळेच निराळे. कोणीतरी हमखास 'बसवून देतो' म्हणतो. त्याला गच्चीवर येऊ देऊ नये. शहाणे ग्रिलकर इथल्या गॅसवर चालणारे ग्रिल विकत घेतात किंवा एमआयडीसीतल्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून पेटी आणि जाळी करवून बर्नर व जोडणी जाणत्याकडून घेतात. सांगलीकडे याला एक पदर अधिक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर आणि पंपांमुळे ती नावारूपाला आली. त्यामुळे बिडाबद्दल ज्याला मत नाही असा निवृत्त माणूस सांगलीत सापडणे अवघड. ग्रिल येताच असा एक शेजारी वर येतो, जाळी बोटाने वाजवतो आणि स्टीलची असल्यास न बोलता खाली जातो. त्याचे म्हणणे खरे आहे. जाड बिडाची जाळी उष्णता धरून ठेवते, गार खिमा पडला तरी एकदम निवत नाही. नळीच्या जोडांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहण्याची सवयही अशाच शेजाऱ्याने लावलेली असते.

आता मांस. अमेरिकेतला बर्गर गोमांसाचा, त्यात ढोबळमानाने ८० भाग मांस आणि २० भाग चरबी. महाराष्ट्रात मार्च २०१५ पासून बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि बंदी नसती तरी ग्रिलकराच्या घरात ते आले नसते. मॅकडॉनल्ड्सनेही १९९६ साली भारतात दुकान उघडताना गोमांस वगळलेच होते. त्यांचा महाराजा मॅक आरंभी मटणाचा होता, पुढे कोंबडीचा झाला. ग्रिलकर मटणावर ठाम राहतो. अडचण एवढीच की बोकडाच्या मटणात चरबी फार कमी, आणि जी असते ती खाटीक गिऱ्हाइकाच्या समोर काढून बाजूला टाकतो, कारण पिढ्यान् पिढ्या गिऱ्हाइकाने तेच मागितलेले आहे. म्हणून ग्रिलकर आणि खाटीक यांच्यातला संवाद सर्वत्र सारखा होतो.

"साहेब, चरबी काढून देतो."

"काढायची नाही. उलट वरून घाला. किलोला दोनशे ग्रॅम."

"घरात कुणी आजारी आहे का?"

चरबी घालणे योग्यच आहे. किलोभर खिम्यात दीडशे ते दोनशे ग्रॅम चरबी नसेल तर पुढची कोणतीही युक्ती चालत नाही. खांद्याचे मांस घ्यावे, खिमा जाडसर करून घ्यावा, आणि घरी आणल्यावर त्याला हात कमी लावावा. इथे ग्रिलकराचा पहिला ऱ्हास सुरू होतो, कारण हात कमी लावणे त्याच्या स्वभावात नाही. तो खिमा कणकेसारखा मळतो. मीठही तेव्हाच घालतो. मीठ खिम्यातली प्रथिने विरघळवून चिकट करते. मळल्याने ती एकमेकांना घट्ट धरतात आणि भाजल्यावर चेंडूसारखी उसळी मारणारी वस्तू तयार होते. मीठ ग्रिलवर ठेवण्याच्या क्षणी, वरून लावायचे असते.

याच टप्प्यावर घरातल्या आजी परातीत डोकावतात. दुधात भिजवून कुस्करलेला पाव घालावा, असे त्यांचे मत असते. ग्रिलकर ते फेटाळतो. व्हिडिओत पाव फक्त बाहेरून होता. "हे कटलेट नाही, आई." परंतु या वादात आजींची बाजू बरोबर आहे. आपल्याकडे आत गुलाबी राहिलेला खिमा कोणी तोंडात घालत नाही, आणि घालूही नये. कापताना पृष्ठभागावरचे जंतू खिम्यात सगळीकडे मिसळतात, म्हणून तो मध्यापर्यंत ७१ अंश सेल्सिअसला पोचावा लागतो. तिथवर जाताना मांसाचे तंतू आकसून पाणी बाहेर ढकलतात. भिजवलेल्या पावातला स्टार्च त्यातले पुष्कळ पाणी धरून ठेवतो आणि तंतूंना पुरते आवळू देत नाही. पूर्ण शिजवायच्या, कमी चरबीच्या मांसाला याहून चांगला उपाय नाही. ग्रिलकर खाली चार्जर आणायला गेला की आजी तो उपाय करून टाकतात. कांदा-लसूण मसालाही त्याच वेळी पडतो.

टिक्की दीडशे ग्रॅमची, दोन सेंटिमीटर जाड, बनापेक्षा बोटभर रुंद करावी, कारण ती आकसते; आणि मधोमध अंगठ्याने खळगा पाडावा, नाहीतर भाजताना पोट फुगते. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी. ग्रिल झाकण लावून दहा-पंधरा मिनिटे तापवावे, एका बाजूचा बर्नर मोठा, दुसऱ्या बाजूचा बंद. जाळीला तेलात बुडवलेला अर्धा कांदा फिरवावा. ग्रिलकर यासाठी सिलिकॉनचा ब्रश मागवतो. खालच्या मजल्यावर धिरड्याच्या तव्याला तोच कांदा रोज फिरत असतो.

मग टिक्की जाळीवर पडते, चर्र आवाज येतो, पाहुणे खुर्च्या पुढे ओढतात, आणि ग्रिलकराच्या स्वभावाची खरी परीक्षा सुरू होते. या वेळी करण्यासारखे काहीही नसते. तीन-चार मिनिटे तिला हात लावायचा नाही, मग एकदा उलटायची, पुन्हा तीन-चार मिनिटे गप्प बसायचे. एवढेच. परंतु आठ माणसे बघत असताना ॲप्रन घातलेल्या माणसाला गप्प उभे राहणे फार कठीण जाते. तो उलथन्याने टिक्की दाबतो. रस आणि चरबी खाली गळते, बर्नरवर पडते, भडका उडतो. पाहुणे 'वा!' म्हणतात. ज्वाळेच्या रूपाने बर्गरच चालला आहे हे कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि दाद मिळाल्यामुळे ग्रिलकर पुन्हा दाबतो. "अहो, दाबू नका ते," असे बायको सांगते. "अरे, भाकरी आहे का ती, सारखी उलटायला?" असे आजी विचारतात. दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, काही सांगत नाहीत, ते दर दोन मिनिटांनी फक्त "झालं का?" विचारतात, आणि प्रत्येक प्रश्नागणिक एक टिक्की दाबली जाते.

एक टिक्की या सगळ्यातून वाचते. ती जागा नसल्यामुळे बंद बर्नरच्या बाजूला, कोपऱ्यात सरकवलेली असते. ग्रिलकर झाकण लावून फोनवर कुणाला तरी ग्रिलची किंमत सांगत उभा राहतो आणि तिला विसरतो. तिच्यात रस भरपूर राहतो. ती बहुधा उशिरा आलेल्या पाहुण्याच्या ताटात जाते. तो मनापासून स्तुती करतो, आणि ग्रिलकर तिचे श्रेय आपल्या दाबण्याच्या हातोटीला देतो.

सातारी आणि सांगलीकर ग्रिलकरांतला भेद मुख्यतः हवापाण्याचा आहे. साताऱ्याच्या ग्रिलकराचे वैर वाऱ्याशी. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. तोच वारा गच्चीवर येऊन बर्नर विझवतो, म्हणून तिथे ग्रिलच्या तिन्ही बाजूंनी जुन्या दाराच्या फळ्या उभ्या दिसतात. चौथ्या बाजूला गॅस बाहेर पडायला वाट असते, आणि तिथे धुरात दाजी बसतात. स्वभावाने हा ग्रिलकर मितभाषी, पण मानी. मराठ्यांच्या जुन्या राजधानीचा माणूस असल्यामुळे त्याला सूचना खपत नाहीत. शेवटी कंदी पेढा देतो आणि कार्यक्रम संपल्याचे कळवतो.

सांगलीकराला वारा नाही, पूर आहे. ग्रिल मुळात गच्चीवर का, याचे उत्तर त्याच्याकडे पुराच्या आकड्यांत असते. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट; २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या आसपास गेले. हे आकडे सांगलीकराच्या इतके अंगवळणी पडलेले असतात की टिक्कीत थर्मामीटर खुपसल्यावरही तो त्याच भाषेत बोलतो. "साठ... इशारा पातळी. पासष्ट... सामान हलवा." एकाहत्तरला स्थलांतर. हा मात्र बोलका. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सीतास्वयंवर केले ते याच गावात, त्यामुळे नांदीशिवाय ग्रिल पेटत नाही. खिम्यात तो चिमूटभर हळद टाकतो, सांगलीची हळद असताना टाकणार नाही तर काय. आणि तासगावच्या बेदाण्यांची, कांदा व व्हिनेगर घालून शिजवलेली आंबटगोड चटणी लावतो. चटणी फार चांगली लागते. बर्गर काढून टाकून नुसत्या बनाबरोबर ती खाणारे पाहुणेही आढळतात.

सांगलीच्या ग्रिलकराला जैन मित्र असतोच. त्याच्यासाठी पनीर, वेगळी जाळी, वेगळा चिमटा. कांदा नाही, बटाटा नाही, आणि जेवण सूर्यास्तापूर्वी. साहजिकच तो एकटाच पाहुणा वेळेवर आणि गरम जेवतो.

वाढण्याबाबत एकच नियम महत्त्वाचा. भाजल्यावर टिक्की दोन-तीन मिनिटे विसावू द्यावी, त्याहून जास्त नाही. बोकडाची चरबी कठीण असते, लवकर गोठते आणि टाळूला मेण लावल्यासारखी चिकटते. बनाची आतली बाजू लोण्यावर शेकून तयार हवी. बेकरीतून बर्गरचा म्हणून आणलेला बन गोड निघण्याचा संभव असतो, तरी शेकल्यावर चालून जातो. या दोन-तीन मिनिटांत ग्रिलकर फोटो काढतो, मांस विसावण्यामागचे शास्त्र सांगतो, डॅलसच्या शेजाऱ्याचा किस्सा सुरू करतो. किस्सा संपेपर्यंत चरबी गोठलेली असते. सगळे जण "लय भारी" म्हणतात आणि पाणी मागतात. खाली आजींनी पांढरा रस्सा ठेवलेलाच असतो. दाजी बर्गर त्यात बुडवून खातात, आणि कोरडेपणाचा प्रश्न घराण्याच्या जुन्या पद्धतीने सुटतो.

ग्रिलकराचा हंगाम लहान. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी हे दिवस वजा जातात. जूनमध्ये पाऊस लागला की ताडपत्री पडते. आखाडात एकदा ती वर होते, मग श्रावण. मार्गशीर्षात पुन्हा अडचण. उन्हाळ्यात ताडपत्री काढली जाते ती वाळवणासाठी, कारण ग्रिलच्या बाजूच्या फळ्या सांडग्यांना सोयीच्या उंचीवर असतात.

जाळी गरम असतानाच तारेच्या ब्रशने घासायची असते आणि ब्रशची तुटलेली तार कुठे राहिली नाही ना, हे पाहायचे असते. ग्रिलकर ती 'उद्या' घासतो. तीन बर्नरचे ग्रिल पूर्ण चालू ठेवल्यास तासाला पाऊण किलोच्या आसपास गॅस जातो, आणि सिलिंडर सैपाकघरातूनच वर नेलेला असतो. तो सोमवारी सकाळी चहाच्या वेळी संपतो. नंबर लावण्याचे काम खालच्या मजल्याकडे असते.