कासार खरा 2

चित्र काढायचं सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपवर अडकतं, तेव्हा ते ओरडत नाही की धूर सोडत नाही. नुसती खिडकी पांढुरकी होते, वरच्या पट्टीत ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ उमटतं आणि बाणाच्या जागी निळं कडं गरगरायला लागतं. यावर माणूस आणखी चार ठिकाणी क्लिक करतो. शिकलेला असो वा अडाणी, यात फरक पडत नाही.

गंमत अशी की ती पांढुरकी खिडकी मुळात त्या सॉफ्टवेअरची नसतेच. एखाद्या प्रोग्रॅमने पाचेक सेकंद हाकेला ओ दिली नाही, की विंडोज त्याची खरी खिडकी झाकतं आणि त्याच जागी, त्याच मापाची, हुबेहूब तसल्याच तोंडवळ्याची दुसरी उभी करतं. ती सरकवता येते, बंद करता येते. चित्र मात्र तिच्यावर काढता येत नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला आणि त्यालाही मुजरे करणारे निघालेच. आपणही या तोतयावर इमानेइतबारे क्लिक करत राहतो. फरक इतकाच, की इथे मूळ पुरुष बहुधा जिवंत असतो आणि आत कुठेतरी घाम गाळत असतो. म्हणून माझा पहिला सल्ला ठरलेला: हात काढा आणि चहा टाका. चहा होईपर्यंत शुद्धीवर आला तर ठीक, नाहीतर मग बंद करा.

सल्ला देणारा मी कोण? कुणी नाही. आमच्या सोसायटीत कुणाचं काही अडकलं की मला बोलावतात, कारण मी न घाबरता सेटिंग उघडतो. एवढ्या भांडवलावर या देशात पुष्कळांचं चालतं.

दुसऱ्या मजल्यावरचे सर शाळेत चित्रकला शिकवायचे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला त्यांनी बसवलेल्या पोरांची आता पोरं बसतात. निवृत्तीनंतर मुलीने आपला जुना लॅपटॉप आणि एक पेन टॅबलेट त्यांना आणून दिला. लॅपटॉप 4 जीबी रॅमचा, आत फिरती हार्ड डिस्क. सरांनी त्यावर गावचा आठवडी बाजार काढायला घेतला आणि बाजार भरत आला तसा लॅपटॉप बसत गेला.

“अरे, व्हायरस शिरलाय बहुतेक,” सर म्हणाले. लॅपटॉप अडकला की पहिला संशय व्हायरसवर जातो, दुसरा नातवावर.

बारीकसारीक रोग आधी निस्तरले. पंख्याच्या जाळीत धुळीचा नमदा बसला होता. हवा कोंडली की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून आपणहून हळू होतो. ब्रशने धूळ काढल्यावर घरघर निम्मी झाली. पेन टेकवून जरा थांबलं की टोकाभोवती एक गोल उमटायचा आणि रेघ उशिराने सुटायची. पेन दाबून धरणं म्हणजे माउसचं उजवं बटण, असा विंडोज त्याचा अर्थ लावतं. ती सोय बंद केली. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा घातला. सर खूश झाले, कासाराच्या हातात बांगड्या भरायला बसले आणि खिडकी पुन्हा पांढुरकी झाली.

मग मी फाइलची मापं उघडली. कागद ए-थ्री, 600 डीपीआय. म्हणजे 7016 गुणिले 9921, जवळजवळ 7 कोटी ठिपके. प्रत्येक ठिपक्यामागे लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार बाइट. एक लेयर, म्हणजे चित्राचा एक थर, पुरता रंगवला की 28 कोटी बाइट गेले. लेयर होते बावीस. पुष्कळशी सॉफ्टवेअरं कागदाचे चौकोनी तुकडे पाडतात आणि रंग लागला तेवढाच तुकडा साठवतात, त्यामुळे कोरा लेयर तसा स्वस्त पडतो. पण सरांनी प्रत्येक लेयरवर आधी पिवळ्या मातीचा पातळ वॉश मारला होता, अगदी कडेपर्यंत. जलरंगाची सवय! म्हणजे बावीसच्या बावीस लेयर भरगच्च: 616 कोटी बाइट. लॅपटॉपची सगळी रॅम 429 कोटींची, त्यातला मोठा वाटा विंडोज आणि अँटिव्हायरस आधीच खाऊन बसलेले.

उरलेलं मावेल कुठे? हार्ड डिस्कवर. रॅममधली वस्तू सापडायला सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग लागतो. फिरत्या डिस्कवर काटा जागेवर जाऊन बसायलाच सेकंदाचा शंभरावा भाग जातो. एक लाख पटींचा फरक. डिस्कची कुरकुर ऐकू येते ती यामुळेच.

“सर, हे छापायचंय कुठे?”

“छापायचं कशाला? फॅमिली ग्रुपवर टाकायचंय.”

व्हॉट्सॲप त्या बाजाराचं दाबून दाबून काय करणार, ते मी बोललो नाही. पण ए-फोर आणि 300 डीपीआय केलं तर ओझं बरोब्बर एक अष्टमांश होतं, हे पटवून दिलं. मूळ फाइल पेनड्राइव्हवर जशीच्या तशी ठेवायच्या बोलीवर सर तयार झाले.

लेयर कमी करायचे म्हटल्यावर मात्र गाडी अडली. यादी वरून खाली वाचली: ‘कासार’, ‘कासार नवा’, ‘कासार खरा’, ‘कासार खरा 2’, ‘भाजीवाली (डोळे सोडून)’, ‘झाड नको’. झाड नको होतं, तरी होतं. वर्गात सरांचा नियम असा की खोडरबर हातात दिसला की पट्टी बसायची: चुकीची रेघ राहू दे, तिच्या शेजारी बरोबर काढ. कागदावर ते शोभतंही, त्या चाचपडणाऱ्या रेघांनी चित्राला जीव येतो. इथे प्रत्येक चाचपडीला 28 कोटी बाइट मोजावे लागत होते.

तसं पाहिलं तर सरांच्या या सवयीला संगणकानेच खतपाणी घातलं. 1963 साली आयव्हन सदरलँडने स्केचपॅड केलं, तेव्हा ज्या टीएक्स-2 यंत्रावर तो प्रकाशाच्या पेनाने रेघा ओढायचा, त्याची स्मृती तीन लाख बाइटांच्या आसपासच होती. 1984 साली बिल ॲटकिन्सनचं मॅकपेंट आलं, ते 128 केबीच्या मॅकिंटॉशवर चालायचं आणि त्यात मागे फिरायची मुभा एकदाच होती. एक पाऊल मागे, बस्स! त्याच्या आधीची चूक कायमची. आता शेकडो पावलं मागे जाता येतं आणि त्या प्रत्येक पावलाची नोंद रॅममध्ये बसून राहते. नको म्हटलेलं झाडही तिथे असतं, आणि ते नको म्हटल्याचा पुरावाही. मला विचाराल तर जुने लॅपटॉप चित्रांनी अडकत नाहीत, राखून ठेवलेल्या पर्यायांनी अडकतात.

“यांचा माळा बघितलास का?” काकू आतून म्हणाल्या. “एलिमेंटरीचे नापास झालेले कागदसुद्धा आहेत. ज्यांनी काढले ती पोरं आजोबा झाली.”

सरांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. हळूहळू भाजीवालीचे डोळे भाजीवालीत गेले, झाड एकदाचं उडालं, आभाळ आणि धूळ एका लेयरवर आली. पेन आता रेघेबरोबर धावू लागलं. उरले चार कासार. त्यातला एकच ठेवायचा होता. सरांनी चष्मा पुसला, यादीतल्या एकेका कासारापुढचं डोळ्याचं चिन्ह बंद करून, उघडून पाहिलं. ‘खरा’चा खांदा चांगला, ‘खरा 2’ची नजर चांगली. शेवटी ‘खरा 2’वर बोट ठेवलं.

काकू हात पुसत बाहेर आल्या आणि सरांच्या खांद्यावरून पडद्यात वाकल्या.

“हा बाप्या कोण? आपल्या बाजाराला तर कासारीण यायची. मुसळ्यांच्या ओट्यावर बसायची नाही का, हिरव्या लुगड्यातली?”

सरांनी क्षणभर विचार केला, आणि नवा लेयर घेतला.